माशांना मराठी नावे देणारा कर्नल

पावसाळ्याचे पहिले चार-सहा दिवस उलटले, की कांदिवलीतून वाहणाऱ्या पोईसर नदीला पुन्हा नदीचे रूप येते. एरवी नाला म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या प्रवाहाचा उगम राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात आहे, याचा विसर आजूबाजूच्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांना पडला तर नवल नाही. त्याच डोंगरांच्या कुशीत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. दक्षिणेला १८९१ च्या सुमारास पवईचा तलाव आला. उपनगरांतील जुन्या गावकऱ्यांना वळगण हा शब्द ठाऊक आहे. पहिल्या मुसळधार पावसात ओढ्या-नाल्यांतून उलटे चढणारे मासे शेतात शिरत आणि गावची पोरे-थोरे टोपल्या घेऊन धावत. देशावर यालाच चढणीचे मासे म्हणतात.

हा ऋतूंचा हिशेब मच्छीमाराला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता, पण शास्त्राच्या पुस्तकात त्याला जागा नव्हती. दख्खनच्या नद्यांत कोणते मासे राहतात, याची पहिली शास्त्रीय यादी तयार झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ती करणारा मत्स्यतज्ज्ञ नव्हता, तर तो पेशवाईविरुद्धच्या लढाईत उतरलेला ईस्ट इंडिया कंपनीचा एक लष्करी अधिकारी होता. त्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साईक्स. पक्षिनिरीक्षकांना हे नाव साईक्सचा चंडोल आणि साईक्सचा रातवा या पक्ष्यांमुळे परिचित आहे. मात्र महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यावर त्याचे जे ऋण आहे, त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. घराणे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे. कंपनीच्या मुंबई लष्करात तो दाखल झाला तेव्हा त्याने वयाची पंधरा वर्षेही पुरी केली नव्हती. १८०५ मध्ये लॉर्ड लेकच्या सैन्याने भरतपूरला वेढा घातला, त्या मोहिमेत हा कोवळा पोरगा होता. त्यानंतरच्या वर्षांत त्याने हिंदुस्थानी आणि मराठी या भाषांचा कसून अभ्यास केला व दुभाषा म्हणून पात्रता मिळवली. मराठीचे हे ज्ञान त्याच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया ठरले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज समोरासमोर आले, तेव्हा साईक्स हिंदी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करीत होता. पाठोपाठ पुणे पडले. डोंगरी किल्ले घेण्याच्या कामातही त्याचा सहभाग होता. ज्या मुलखाचे पशू, पक्षी आणि मासे त्याने पुढे मायेने नोंदवले, त्या मुलखात तो प्रथम आला तो जेता म्हणून, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

लढाया संपल्यावर १८२० मध्ये तो युरोपच्या प्रवासाला गेला आणि चार वर्षे तिकडेच राहिला. १८२४ मध्ये विवाह करून तो परतला, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याच्यावर एक वेगळेच काम सोपवले. नव्याने ताब्यात आलेल्या प्रदेशाची लोकसंख्या, शेती, जमीनधारा, बाजारभाव, हवामान या सर्वांची मोजदाद करणारा सांख्यिकी अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कंपनीला या माहितीची गरज होती ती मुख्यत्वे महसुलासाठी. पण साईक्सच्या जिज्ञासेला महसुलाच्या चौकटीत बसण्याची सवय नव्हती. वायुभारमापकाच्या नोंदी ठेवता ठेवता तो पुण्यातील मुंग्यांकडेही पाहत असे. धान्याचे दाणे बिळात साठवणाऱ्या आणि पावसात भिजलेले दाणे उन्हात वाळत घालणाऱ्या मुंग्यांची त्याने केलेली नोंद कीटकशास्त्राच्या इतिहासात मोलाची मानली जाते. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन त्याने याआधीच लिहिले होते. दख्खनमधील रानटी रेशमाच्या किड्यावरही त्याचा एक लेख आहे.

जिल्हा पालथा घालणाऱ्या या माणसाचा तंबू बहुधा नदीकाठीच पडे. भीमा, मुळा, मुठा, घोड, नीरा, इंद्रायणी या नद्यांवर तेव्हा मोठी धरणे नव्हती. खडकवासल्याचा जलाशय अस्तित्वात यायला अजून अर्धशतकाचा अवधी होता. त्यामुळे नदीचे वर्ष सरळ पावसाच्या तालावर चाले. मृगाच्या सरी कोसळून पहिला लोंढा आला, की डोहांत दडून बसलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघत. खडशी, तांबर अशा माशांच्या माद्या उथळ, खडकाळ आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात अंडी घालण्यासाठी वर चढत. श्रावण-भाद्रपदात पाणी गढूळ आणि वेगवान असे; अशा वेळी गळाचा उपयोग कमी, जाळ्याचा आणि बांबूच्या सापळ्यांचा अधिक. आश्विनात पाणी निवळले, की दृष्टीच्या बळावर शिकार करणारे मासे पुन्हा चरू लागत आणि गळ टाकणाऱ्याचे दिवस येत. थंडीत पाणी गारठले, की मासा मंदावतो, खोल पाण्यात जातो आणि आमिषाकडे सहसा फिरकत नाही. उन्हाळ्यात नदीची साखळी तुटून नुसते डोह उरत. भोई मंडळी अशा वेळी डोह वेढून जाळी ओढत, तर काही ठिकाणी वनस्पतींचा विषारी रस पाण्यात कालवून मासे गुंगवले जात. देहू-आळंदीसारख्या तीर्थस्थळी मात्र डोहातील माशांना कोणी हात लावत नसे. श्रद्धेने राखलेले हे डोह म्हणजे उन्हाळ्यात माशांचे बीज टिकवून धरणारी अभयारण्येच होती.

हे सारे ज्ञान भोयांकडे होते आणि साईक्सकडे त्यांची भाषा होती. ताजा मासा समोर ठेवायचा, त्याची लांबी, रुंदी, पंखांतील काटे आणि खवल्यांच्या ओळी मोजायच्या, मापाबरहुकूम चित्र करून घ्यायचे आणि मच्छीमार त्याला काय म्हणतो ते लिहून घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. उष्ण हवेत मासे टिकवणे आणि ते विलायतेला सुखरूप पोहोचवणे कठीण. पण चित्र आणि नाव टिकवता येत होते. त्या काळी अनेक निसर्गसंशोधक नमुना पेटीत घालून नेत आणि स्थानिक नाव मागेच सोडून देत. साईक्सने नेमके उलट केले.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने त्याचे पदच रद्द केले. पाच वर्षांची मेहनत अर्धवट राहणार असे दिसू लागले. दुसरा एखादा अधिकारी कागद दफ्तरात टाकून पलटणीत परतला असता. साईक्सने लष्करी कर्तव्यातून रजा मागितली आणि काम पुरे करण्याची परवानगी मिळवली. पुढचे वर्षभर, ज्या हुद्द्याचे आता अस्तित्वच नव्हते त्या हुद्द्याचे काम तो करीत राहिला. जानेवारी १८३१ मध्ये त्याने अहवाल पूर्ण केला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानचा किनारा सोडला. १८३३ मध्ये कर्नल म्हणून तो निवृत्त झाला. ती रजा त्याने मागितली नसती, तर दख्खनच्या माशांची यादी कोणत्या अवस्थेत उरली असती, हे सांगणे अवघड आहे.

लंडनला पोहोचल्यावर त्याच्या वह्यांतून एकामागून एक निबंध बाहेर पडू लागले. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी १८३१-३२ मध्ये प्रसिद्ध झाली. १८३४ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. दख्खनच्या हवामानावरील निबंध १८३५ चा, तर चार जिल्ह्यांची आकडेवारी १८३८ ची. त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवरील निबंध मांडला गेला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ मध्ये छापला गेला. त्यात ४६ जातींचे वर्णन होते आणि त्यांपैकी ४२ शास्त्राला नव्या असल्याचे साईक्सचे म्हणणे होते.

त्या यादीतील लॅटिन नावे मराठी वाचकाने मोठ्याने वाचून पाहावीत. खुद्री, कोळस, मल्या, बोगट, सांडखोल, आलकूटी, बालुकी, शेंगटी, शिंगाळा. भीमेच्या काठचा भोई ज्या नावाने मासा विकत होता, तेच नाव शास्त्राच्या दफ्तरात चढले. नुक्ता या नावात तर मराठीतला नकटा सरळ डोकावतो. त्या माशाच्या तोंडावरची विचित्र खाच पाहिली की नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीची खात्री पटते. यात नुसती हौस नव्हती, व्यवहारही होता. पुढे कोणी अभ्यासक या मुलखात आला, तर त्याने नदीकाठी जाऊन नाव उच्चारावे आणि मासा मिळवावा, इतकी ही सोय सरळ होती. अर्थात आपल्या मित्रांना आणि वरिष्ठांना साईक्स विसरला नाही. यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञांची नावे त्याने माशांना दिली, तर एका अहिराला, म्हणजे गोड्या पाण्यातील सर्पाकृती माशाला, थेट एल्फिन्स्टन साहेबांचे नाव बहाल केले. गव्हर्नरांना हा मान कितपत रुचला असता, हा प्रश्नच आहे. हे नाव पुढे शास्त्रात टिकले नाही. अहिराला त्याआधीच दुसरे नाव मिळालेले होते.

त्याच यादीत पांढऱ्या ठिपक्यांचा एक मरळही आहे. पाश्चात्त्य देशांत तळ्यावरच्या गळमाऱ्यांचा जो जीव की प्राण, त्या बास माशाची जागा आपल्याकडे मरळ घेतो. दोघेही शेवाळाच्या आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसणारे, दोघेही पिल्लांची राखण करणारे. फरक ऋतूचा आहे. अमेरिकेतील बास वसंतात पाणी कोमट होऊ लागले की काठाशी घरटे करतो. मरळाची वीण मुख्यत्वे पावसाच्या आगेमागे, नव्या पाण्याने भरलेल्या उथळ कडांवर होते. मरळ पाण्यावर येऊन हवा घेतो, त्यामुळे आटत्या तळ्यातही तग धरतो आणि हवा घेताना उठणारा बुडबुडा जाणत्याला त्याचा ठावठिकाणा सांगतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ वनस्पतींच्या कडेने बेडूक किंवा बेडकासारखे आमिष सरकवत न्यायचे, हे त्याच्या शिकारीचे तंत्र. पिल्लांचा लालसर घोळका दिसला, की मात्र जाणता माणूस गळ आवरता घेतो. राखणदार आई-बाप उचलले तर घोळका दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातो.

माशांच्या निबंधानंतर साईक्सचे आयुष्य वेगळ्याच उंचीवर गेले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत तो होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. कोवळ्या वयात भरती झालेला पोरगा कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, तेव्हा त्या कंपनीच्या राज्याची अखेर दोन वर्षांवर आली होती. १८५७ मध्ये तो अ‍ॅबर्डीनमधून पार्लमेंटवर निवडून गेला आणि मृत्यूपर्यंत खासदार राहिला. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. हवेचे थर तपासण्यासाठी बलून आकाशात सोडण्याच्या प्रयोगांतही या वृद्ध कर्नलने रस घेतला. १६ जून १८७२ रोजी त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवरचा हेन्री सलिव्हन थॉमस यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि १८७५ पासून फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरील महाग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला.

डे यांनी साईक्सची यादी बारकाईने तपासली. काही जाती नव्या नसल्याचे दिसले, काही एकमेकींत विलीन झाल्या. साईक्सची पद्धत जिथे बळकट होती तिथेच तिची कमकुवत बाजूही होती. त्याच्या अनेक माशांचे मूळ नमुने उपलब्ध नाहीत. मागे उरले ते वर्णन, चित्र आणि मराठी नाव. याचा सर्वांत मोठा घोळ झाला तो मसुल्लाह या माशाबाबत. शिरूरजवळ घोड नदीत साईक्सला मिळालेला हा मोठा मासा म्हणजेच दक्षिणेतील पाठीला उंचवटा असलेला महसीर, असे १९४३ मध्ये सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यतज्ज्ञांनी मानले आणि पुढची सात दशके तेच चालत आले. २०१३ मध्ये संशोधकांनी साईक्सचे मूळ वर्णन पुन्हा तपासून दाखवले, की तो महसीर नव्हेच, तो दुसऱ्याच कुळीचा मासा आहे. मग कावेरीच्या त्या प्रचंड महसीरला शास्त्रीय नाव कोणते, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर मिळायला २०१८ साल उजाडले. तोवर हा मासा अतिसंकटग्रस्त अवस्थेला पोहोचला होता.

त्याला त्या अवस्थेला नेणाऱ्या कारणांत साईक्सच्याच यादीतील दुसरा मासा आहे, ही नियतीची चमत्कारिक गाठ. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून साईक्सने नोंदवलेला खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, विसाव्या शतकात धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाच्या मासेमारीने झपाट्याने कमी झाला. तेव्हा १९७० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्याच्या वलवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. प्रयोग यशस्वी झाला आणि लाखोंनी बीज तयार होऊ लागले. मात्र हे बीज दख्खनबाहेरही गेले. कावेरीत सोडलेला खुद्री तिथे इतका फोफावला, की मूळचा महसीर मागे हटत गेला. एका नदीचा मासा वाचवताना दुसऱ्या नदीचा मासा गमावण्याची वेळ आली. कोणता मासा कोणत्या पाण्यातला, याची नोंद ठेवण्याला एवढे महत्त्व का, हे यावरून ध्यानात यावे.

खुद्द साईक्सच्या नद्यांची अवस्था सांगायला नको. पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठेत त्याने पाहिलेल्या माशांपैकी कितीतरी आता दिसत नाहीत आणि त्यांच्या जागी परदेशी तिलापिया सुखेनैव नांदतो. चढणीला निघालेल्या माशाला बंधाऱ्याची भिंत आडवी येते. मुंबईच्या उपनगरांत वळगण हा शब्द वृद्धांच्या बोलण्यातच उरला आहे. कांदिवलीच्या बाजारात गोड्या पाण्याचा मासा मागितला, तर पुढ्यात येतो तो तळ्यांत पोसलेला रोहू किंवा कटला.

साईक्सने मोजले ते राज्य करणाऱ्यांसाठी, हे खरे. पण मोजताना त्याने भोयाला त्याच्या माशाचे नाव विचारले आणि ते बदलले नाही. आज ते बोगट, ते आलकूटी, ते मल्या मराठी घरांतून जवळपास हद्दपार झाले आहेत; जगभरच्या संग्रहालयांत आणि शोधनिबंधांत मात्र ते शब्द लॅटिनच्या पंक्तीला बसून आहेत. नद्या पुन्हा वाहत्या झाल्या आणि पहिल्या पावसात मासे पुन्हा चढू लागले, तर त्यांना हाक मारायला नावे तरी शिल्लक आहेत. ती शिल्लक ठेवणारा माणूस खडकीच्या रणांगणावर मराठ्यांच्या विरुद्ध बाजूला उभा होता.